कात्रजच्या घाटातली तेलाची बाटली

माझा डावा खांदा थंडीत दुखतो. तो कसा मोडला हे मी आजवर पन्नासेक जणांना सांगितलं असेल. कात्रजचा जुना घाट, वळण, इंजिन जाम, मागचं चाक लॉक, मी रस्त्यावर. आता मलाही पाठ झालं आहे. पण इंजिन का जाम झालं — ते एकालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, त्यामागे काही थोर कारण नाही. तुम्ही मला ओळखत नाही, आणि मला या गोष्टीचा आता कंटाळा आला आहे.

मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांनी केलेले सुटे भाग मोजायचे आणि नापास करायचे. घरी, कर्वेनगरला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी जुनी मोटारसायकल उभी असते. साडेतीनशे सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावर कळलं असेल. मला मिळाली तेव्हा ती मार्केट यार्डातल्या एका गाळ्यात कांद्याच्या पोत्यांमागे पडून होती. सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला.

ती उभी केली साळवे मिस्त्रींनी. गुलटेकडीला त्यांचं दुकान होतं, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली ओळीनं टांगलेले पाने, आणि एका लाकडी पेटीत सिलिंडर आतून मोजायचा गेज. त्या पेटीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पुण्यातल्या जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांमध्ये त्यांच्या इंजिनाला मान होता. त्यांच्या दोन पद्धती होत्या. एक, इंजिन मालकासमोरच उघडायचं. दोन, काम झालं की साइड कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं माप लिहून खाली सही करायची. गाडी विकताना लोक ती सही दाखवायचे.

हे माप म्हणजे काय, ते सांगायला हवं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये केसाहून बारीक फट ठेवावी लागते. ती कमी पडली तर तापल्यावर पिस्टन फुगतो, आणि अडकतो. ती फट किती, हे मिस्त्रीचा हात ठरवतो. बाकी सगळं काम मग त्या हातावर.

आणि दुसरी गोष्ट, तेल. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेल आत जावं लागतं. माझ्या गाडीचा तेलाचा पंप भरवशाचा नव्हता, म्हणून साळव्यांनी तो काढूनच टाकला. म्हणाले, “ताई, आता पंप तुम्हीच. पेट्रोल भरलं की तेल घातलं. लिटरला चाळीस मिली. विसरायचं नाही.” मी म्हणाले, “अहो साळवे, माझं पोट मोजमापावर चालतं.”

आमचा रविवारी सकाळी जुन्या गाड्या घेऊन नाश्त्याला जाणारा एक गट होता. दहा-बारा पुरुष आणि मी. त्यातले बापट तोंडाचे तिखट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले होते, “वा, वहिनींनी गाडी आणली? की गाडीनं वहिनींना आणलं?” सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर मी त्या गटात एकही चूक केली नाही. उलट त्यांच्या चुका काढल्या. कोणी अंदाजानं तेल ओतताना दिसलं की माझं मोजायचं भांडं पुढे करायचे. स्वयंपाकघरातला टोमणा त्यांनी मला मारायच्या आधी मीच त्यांना मारायचे — “अहो बापट, फोडणी नाही घालायची, मोजून घाला.” हळूहळू मी गटातली तेलाची मास्तरीण झाले. मला ते आवडायचं. खूप आवडायचं.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. बचाव म्हणून नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा रविवार. साळव्यांनी इंजिन नव्यानं बांधून दिल्याला महिनाही झाला नव्हता. खेड शिवापूरला मिसळ खायचा बेत होता. बाकीचे पुढे गेले, मी सातारा रस्त्यावर पंपावर थांबले. आठ लिटर भरलं. गाडीभोवती चार-पाच माणसं जमली, नेहमीप्रमाणे. किती देते? विकणार का? मॅडम, स्वतः चालवता? — आणि मी गाडीच्या सीटवर हात ठेवून बोलत राहिले. दोन सिलिंडरचा आवाज वेगळा का येतो ते समजावून सांगितलं. एकानं फोटो काढला. मी हेल्मेट काखेत धरून उभी राहिले, तशी मी उभी राहत नाही. मग किक मारली आणि निघाले.

तेलाची बाटली टाकीवरच्या पिशवीत होती. भरलेली. उघडलीच नव्हती.

घाट अर्धा चढून झाला आणि इंजिनाचा आवाज बदलला. ऐकू आला मला. थोडा कोरडा, चिरका. तेव्हाच क्लच दाबायला हवा होता. पण पुढे सगळे थांबलेले असणार, मी आधीच मागे — आणि मी उलट ॲक्सिलरेटरची मूठ आणखी पिळली. मागचं चाक जागच्या जागी धरलं. पुढचं आठवतं ते फक्त डांबर.

एक दुधाचा टेम्पो थांबला. त्या माणसानं गाडी उभी करून कडेला लावली, मला पाणी दिलं. “लई लागलंय व्हय, ताई? दवाखान्यात सोडू का?” मी म्हणाले, “नको, माझी माणसं येतायत.” फोन मी अजून कोणालाच केला नव्हता.

तो गेला. डावा हात हलत नव्हता. मी कठड्यावर बसून त्या पिशवीकडे पाहिलं आणि मला सगळं एकदम कळलं. आता इथे कोणीही म्हणू शकलं असतं — विसरले. चूक झाली. दोन शब्द. बापट महिनाभर हसले असते. फार तर वर्षभर.

मी उठले. बाटलीचं झाकण दातांनी उघडलं. टाकीचं झाकण उजव्या हातानं. आणि सगळं तेल टाकीत ओतलं. रिकामी बाटली पिशवीत परत ठेवली — वरच, दिसेल अशी. मग बापटांना फोन केला.

हाड मोडलेल्या माणसाला एवढं सुचतं? मला सुचलं. गाडी आडवी पडल्यावर कार्बोरेटरमधलं बिनतेलाचं पेट्रोल सांडून गेलं आहे, आणि गाडी न्यायला येणाऱ्या टेम्पोतून गुलटेकडीपर्यंत जाताना हिंदकळून टाकीतलं तेल नीट मिसळेल, एवढासुद्धा विचार मी तिथे बसून केला.

साळव्यांनी चार दिवस गाडीला हात लावला नाही. मी गळ्यात हात बांधून गेले, तेव्हाच माझ्यासमोर इंजिन उघडलं. बापट आणि आणखी दोघे होते. पिस्टन ओरखडलेले, चारही बाजूंनी. तेल नसलं तरी असंच दिसतं, फट कमी पडली तरी जवळजवळ असंच. साळव्यांनी टाकीतलं पेट्रोल बोटांवर घेतलं, चोळलं, वास घेतला. तेलकट होतं. त्यांनी इंजिनात पुन्हा टॉर्च मारली, बराच वेळ. मग मान वर न करता म्हणाले, “ताई, आत जरा कोरडं वाटतंय. तेल घातलं होतं ना?”

मी खोटं बोलले असं कोणी म्हणू शकणार नाही. मी ‘हो’ म्हटलंच नाही. मी म्हणाले, “अहो साळवे, हे तुम्ही मला विचारताय?”

बापट हसले. साळवे ओशाळले. “तसं नाही ताई. तुमच्यावर संशय नाही.” टॉर्च बंद केली. “मग फट मीच कमी ठेवली असणार.”

नंतरचं थोडक्यात सांगते. बाहेर पडल्यावर बापट म्हणाले, “मिस्त्रींचे डोळे गेले आता.” हे वाक्य पुण्यात फिरायला आठवडा पुरला. मी ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा गप्प बसले. साळव्यांनी खरंच डोळे तपासून घेतले. ठीक होते. मग ते एकच सिलिंडर पाच-पाच वेळा मोजायला लागले. माझं इंजिन त्यांनी परत बांधलं, त्याला तीन महिने लावले. घरी आणून मी कव्हर उघडून पाहिलं. आत माप होतं. सही नव्हती.

वर्षभरात त्यांनी इंजिनाचं काम सोडलं. आरोपामुळे म्हणाल, तर तसं नाही. गिऱ्हाइकं कमी झाली तरी दोन-चार येतच होती. त्यांनीच नाही म्हणायला सुरुवात केली. स्कूटरच्या केबल बदलायचे, ब्रेक लायनर, पंक्चर. आवाजावरून सिलिंडरचं दुखणं ओळखणारा माणूस. माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी स्वतःच्या हातावरचा काढून घेतला.

आता दुकान नाही. ते मुलीकडे राहतात, कात्रजला. मी वर्षातून दोनदा जाते. का जाते? चांगुलपणानं जात नाही. बहुधा त्यांना काही उमगलं आहे का, ते पाहायला. अजून नाही. दर वेळी ते मुलीला हाक मारतात, “अगं, चहा टाक, ताई आल्यात. माझ्या हातनं यांचं हाड मोडलं, तरी येतात बघ.” मग मला विचारतात, खांदा दुखतो का. मी म्हणते, थंडीत थोडा.

गेल्या दिवाळीत त्यांनी ती लाकडी पेटी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. “हा गेज तुम्ही न्या ताई. तुमच्या कारखान्यात तपासायची सोय आहे. याच्यात कुठेतरी फरक पडत असणार. मला काही सापडला नाही. तुम्हाला सापडला तर कळवा.”

मी तो नेला. मापनकक्षात दिला. खरं तर द्यायची गरज नव्हती. अहवाल दोन दिवसांत आला, एका पानाचा. फरक काही नाही.

अहवाल घडी करून पेटीतच ठेवला आहे. पेटी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. मध्यंतरी त्यांच्या मुलीचा फोन आला होता, बाबा विचारतायत, गेजचं काही कळलं का. मी म्हणाले, अजून तपासतायत.