चढ्या सुराची पेटी

अमरावतीत असला की तो दर गुरुवारी वलगावात आमच्या भजनाला येतो. उजव्या हाताची वाढवलेली नखं मोडू नयेत म्हणून देवळाचं दार कोपरानं ढकलतो आणि गिटार मांडीवर घेऊन कडेला बसतो. हा माणूस परदेशात जॅझ वाजवतो, सिनेमांना संगीत देतो, अकोल्यात कव्वालांच्या मागंही बसतो. कुठं काय वाजवलं विचारलं, तर म्हणतो, "बसलो होतो लोकाइत."

आमच्यात पेटी मी वाजवतो. ती वडिलांच्या वेळची, सगळे सूर थोडे चढलेले. तो पहिल्यांदा आला तेव्हा गिटार तिच्याशी जुळेना. मला लाज वाटली. म्हटलं, "दुरुस्तीले टाकतो आता हिले."

"म्हतारी हाये ते, भाऊ. तिले काहून तरास देता? मीच सरकतो." पेटीला कान लावून त्यानं एकेक तार ताणली, सहाही.

परवा त्यानं नवी रचना फोनवर पाठवली. त्यात सॅक्सोफोन, व्हायोलिन, ढोलक, सगळी तिकडची मोठी माणसं. ऐकता ऐकता मी पेटी पुढं ओढली आणि साथ धरली. कुठंच खटकेना. पुन्हा लावून पाहिलं. सगळा ताफा माझ्या पेटीच्या सुरात होता. 

मग फोन लावला. "हे कसं काय केलं?"

"काई नाई भाऊ. त्याईले सांगतलं, आमची पेटी म्हतारी हाये, तुमीच सरका."