जाऊबाईंची भरली फळं

आमच्या जाऊबाई स्वयंपाक करताना चुलीकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघायच्या. पुण्यात बुधवार पेठेतल्या त्या घरात मी नवी सून म्हणून आले तेव्हा मला याची भीती वाटे. मी उंबरठ्यापाशी तांदूळ निवडत बसलेली, त्या सोवळ्यात चुलीशी, आणि मान वर करावी तर त्यांचे डोळे माझ्यावर. पहिले काही महिने मला वाटायचं, माझ्या चेहऱ्यात काहीतरी खोट आहे आणि ती शोधून काढायचं काम यांना कुणीतरी दिलं आहे.

शिवाय बसायची जागा ठरलेली. जरा आडोशाला सरकले की लगेच हुकूम, "धाकटे, उजेडात बस. अंधारात खडे काय दिसणार तुला?" तांदूळ संपले तर तेच पुन्हा निवडायला देत. एकदा मी धीर करून म्हटलं, "जाऊबाई, हे कालच निवडलेत." त्या म्हणाल्या, "मग आज लवकर होतील."

त्यांचं बोलणं असंच होतं, तुटक आणि वर मीठ लावलेलं. शेजारच्या एक बाई रोज दुपारी ताक मागायला येत आणि गप्पा मारत दारातच रेंगाळत. त्यांना एकदा जाऊबाईंनी शांतपणे विचारलं, "ताक हवंय की बातमी? ताक संपलंय." श्रीमंत पेशव्यांच्या वाड्यासमोरच्या बाजारातून भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, भाजी आणायचे. ते फडावर, म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरात, कारकून. हजार माणसांच्या कागदांतली चूक काढणारा हा गृहस्थ भेंडी मात्र नेहमी जून आणायचा. जाऊबाई ती भेंडी हातात घेऊन एवढंच म्हणायच्या, "बरं झालं, दारं लावायला खुंट्या हव्याच होत्या." भावोजी ऐकून न ऐकल्यासारखं करत पगडी खुंटीला लावायचे. मला वाटतं, त्यांना ते आवडायचं.

जाऊबाईंना मूल नव्हतं. आमच्या घरात आत्याबाई होत्या, भावोजींच्या सख्ख्या आत्या, लहानपणापासून विधवा. देवघरापुढच्या पाटावर बसून माळ ओढायच्या आणि प्रत्येक फेरीला एकदा तरी हा विषय काढायच्या. मूल नाही म्हणजे बाईला घरात उरतं काय, तर चूल. जाऊबाई सोवळं नेसून चुलीपाशी बसल्या की आत्याबाईंचाही आवाज तिथपर्यंत जात नसे. ती दोन हातांची जागा हेच त्यांचं राज्य होतं. ती गेली असती तर त्या घरात राहिल्या असत्या, पण पाहुण्यासारख्या. हे त्या कधी बोलल्या नाहीत. मला ते पुढे कळलं.

त्यांच्या हाताचा एक पदार्थ सगळ्या आळीत माहीत होता, भरली फळं. वरणातली फळं कुणाला ठाऊक नाहीत? कणकेचे तुकडे आमटीत सोडले की झालं. जाऊबाईंची फळं त्यांच्यापुढे राजेशाही. घट्ट कणकेच्या पातळ पुऱ्या, आत वाटून परतलेली हरभऱ्याची डाळ, ओलं खोबरं, आलं, मिरची, कोथिंबीर. कडेला करंजीसारखी मुरड. ही फळं पाण्यात अर्धी उकडायची, मग कल्हईच्या पसरट पातेल्यात तूप सोडून त्यांचा थर लावायचा. वर चिंचगुळाचं दाट वरण, खोबरं, हिंगाची फोडणी, तूप. पुन्हा फळं, पुन्हा वरण. मग पातेल्यावर तांब्याची परात पालथी न घालता सरळ ठेवायची आणि तिच्यात निखारे भरायचे. खाली विस्तव, वर विस्तव. आतलं वरण फळांत मुरायचं, तळाचा थर तुपात खरपूस व्हायचा आणि वरचा तांबूस होऊन कडांना कुरकुरायचा. पाच जणांचं घर पोट फुटेस्तोवर जेवायचं आणि सकाळी उरलेल्यावर भांडायचं.

यात एकच अडचण होती. परात मधेच उचलता येत नसे. उचलली की वाफ निघून जाते आणि फळं वातड होतात, असं जाऊबाईंचं म्हणणं. चाखून बघायचा तर प्रश्नच नव्हता, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला काही लावायचं नाही. मग फळं झाली हे कळायचं कसं? तर वासावरून. पण जाऊबाई कधी मान वाकवून वास घेताना दिसल्या नाहीत. त्या नुसत्या बसायच्या माझ्याकडे बघत आणि मग अचानक चिमटा उचलून निखारे काढायला लागायच्या. एकदाही चुकायच्या नाहीत. मला तर ती विद्याच वाटे.

इतकं बघत राहिलं की माणसाला दुसरंही बरंच दिसतं. आमचे हे लष्करात कारकुनीवर, दसऱ्यानंतर मोहिमेवर जायचे ते पावसाच्या तोंडाशी परत. त्या महिन्यांत मी कधी रडले, कधी माहेरचा निरोप आला, कधी नुसतंच उदास वाटलं, हे न सांगता जाऊबाईंना कळायचं. "आधी डोळे धू, मग तांदूळ निवड. ओले झाले तर भाताचा चिखल होईल," असं म्हणत त्या गुळाचा खडा माझ्या दिशेनं सरकवायच्या. मला शिवायचं नाही म्हणून जमिनीवरून. सासरी नव्या सुनेच्या तोंडाकडे कोण बघतं? डोक्यावरचा पदर तेवढा बघतात. हळूहळू मला त्या नजरेची भीती वाटेनाशी झाली. एखाद्या दिवशी त्या जुडी निवडण्यात गुंतल्या आणि माझ्याकडे बघायच्या राहिल्या तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

आमच्याकडे श्रावणी सोमवारी भरली फळं ठरलेली. दिवसभर सगळ्यांना कडकडीत उपास आणि दिवे लागायच्या सुमाराला तो सोडायचा. त्या सोमवारी हे मोहिमेवरून परत आलेले होते. भावोजी फडावरून लवकर आले होते. बाहेर पावसाची पिरपिर आणि स्वयंपाकघरात थरावर थर लागत होते. मी नेहमीसारखी उंबरठ्याशी उजेडात. परातीत निखारे भरले गेले आणि हिंग, चिंच, तूप यांचा वास पसरायला लागला तसं मला कसंसंच व्हायला लागलं. रोजचा आवडता वास, पण त्या दिवशी पोटातून ढवळून यायला लागलं. उपासानं पित्त झालं असेल असं म्हणून मी पदराचा बोळा नाकातोंडाशी धरला आणि मान खाली घालून बसले.

जाऊबाई बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. "काय गं, भूक नाही का आज?" असं त्यांनी एकदा विचारलंही. मी मान हलवली. त्यांच्या कपाळावर आठी आली, त्यांनी परातीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि तशाच थांबून राहिल्या. शेवटी निखाऱ्यांवर राख धरली तेव्हा त्यांनी घाईनं परात उतरवली. वरचा थर काळा पडला होता आणि तळ पातेल्याला धरला होता.

दुसरं काही करायला वेळ नव्हता. मधले थर अलगद काढून नैवेद्य दाखवला आणि पानं वाढली. पण जळका वास कुठे लपतो? भावोजी आणि हे, दोघं पाटावर बसले. भावोजी जेवताना मौन पाळत. काही हवं असेल तर बोटानं खूण करायची आणि तोंडातून शब्द गेला तर तिथेच जेवण संपवून उठायचं, असा त्यांचा वडिलांपासून चालत आलेला नेम. इतक्या वर्षांत तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

मौन आत्याबाईंना नव्हतं. त्या बाजूला भिंतीशी बसून होत्या. त्या भावोजींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "श्रावणी सोमवारी उपाशी माणसांपुढे कोळसे वाढले. थोरलीचं एक वय झालं म्हणू. पण ही धाकटी समोर बसली होती ना? हिला नाक नाही? हिनं मुद्दाम जळू दिलं. चूल आपल्या हातात यावी म्हणून."

मी दाराआड उभी होते. थोरल्यांपुढे तोंड उघडायची मला सोय नव्हती. जाऊबाई हातात पातेलं घेऊन मधे उभ्या होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं. दोष माझ्यावर बसला असता आणि चूल त्यांच्याकडेच राहिली असती.

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "तिचा काही दोष नाही, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "मागे मोठा ताप आला होता ना मला, तेव्हापासून मला वास येत नाही. दुधाचा नाही, तुपाचा नाही, कशाचाच नाही. मी हिच्या तोंडाकडे बघून स्वयंपाक करते. हिच्या तोंडाला पाणी सुटलं की मी विस्तव काढते. आज सुटलं नाही."

मला त्या क्षणी सगळे दिवस आठवले, उजेडातली जागा, दोनदा निवडलेले तांदूळ. राग यायला हवा होता कदाचित. पण मला रडू आलं, कारण त्यामागे विद्या नव्हतीच, माझ्याशिवाय एकटी पडलेली एक बाई होती.

आत्याबाई सावरल्या. "ऐकलंस ना रे?" त्या भावोजींना म्हणाल्या. "ज्या बाईला वासच येत नाही तिनं चुलीशी बसायचं कशाला? उद्यापासून धाकटीकडे दे सगळं."

भावोजींच्या हातात घास होता. दिवसभराच्या उपासानंतरचा तो तिसरा-चौथा घास असेल. त्यांनी तो परत पानात ठेवला आणि आत्याबाईंकडे वळून ते बोलले. "फळं चांगली झालीत, आत्या. या घरची चूल जिची आहे तिचीच राहील. पुन्हा हा विषय नको."

मग त्यांनी जेवण संपल्याचं, आपोष्णीचं पाणी तळहातावर घेतलं आणि भरल्या पानावरून उठून ते हात धुवायला गेले. जाऊबाई त्यांच्या पानाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

आम्ही दोघी मागून जेवायला बसलो. जळका भाग त्यांनी स्वतःच्या पानात घेतला आणि मधलं मऊ फळ माझ्या पानात वाढलं. मी ते बाजूला सारलं. हिंगाचा वास सोसवत नाही म्हटलं. त्यांनी घास थांबवला आणि माझ्याकडे नेहमीसारखं, पण जरा जास्तच वेळ पाहिलं. आधी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला. मला अजून स्वतःला काही कळलं नव्हतं. "अगं वेडे," त्या म्हणाल्या, "म्हणजे आता बाळंतपणापर्यंत तुझ्या नाकाचा भरवसा नाही. मी जेवायला घालू कशी लोकांना?"

माझं पहिलं मूल माझ्यापेक्षा त्यांच्याच मांडीवर जास्त वाढलं. चूलही अखेरपर्यंत त्यांचीच राहिली. आता चोरी नव्हती, त्या सरळ विचारायच्या, "काय गं, झालं का?" पण विचारून झाल्यावरही माझ्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायच्या. त्यांना माझ्या उत्तरावर तेवढा विश्वास नव्हता.

त्या गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. थंडीच्या दिवसांत चार दिवस पडून होत्या, फारसा त्रास न देता गेल्या. त्यांच्या मागे चूल माझ्याकडे आली. मला वास उत्तम येतो, त्यामुळे फळं कधी जळत नाहीत. मुलं म्हणतात, थोरल्या काकूंसारखीच होतात. होत असतील. पण उंबरठ्याशी बसून मी हसले काय, रडले काय, चेहऱ्यावरून ओळखणारं या भरल्या घरात आता कुणी नाही.