धुऱ्यावरच्या वाटेचा खटला

अहेरीच्या कोर्टासमोर माझा अशील आणि त्याच्यावर दावा लावणारी बाई एकाच काळीपिवळीतून उतरायचे, आणि माझं डोकं तिथंच फिरायचं. तो तिची टोपली खाली उतरवून द्यायचा. दुपारी लिंबाखाली बसून दोघं एकमेकांच्या डब्यातलं खायचे. मी चिडून म्हणायचो, "अहो भाऊ, ती तुमच्या विरोधात आहे!" तो शांतपणे म्हणायचा, "ते आत, वकीलसाहेब. इथी काऊन भांडू?"

तो धानाचा शेतकरी. ती ढिवर समाजातली विधवा, गावच्या तलावात जाळं टाकून पोट भरणारी. तलावाकडून सडकेकडे येणारी तिची पायवाट त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून जायची. एका रोवणीत तो धुरा फुटला, पाणी वाहून गेलं, नुकती लावलेली रोपं आडवी झाली. तिच्याच पायानं फुटला असं धरून त्यानं धुऱ्यावर काट्या टाकल्या. मग तिला तलावाला वळसा घालून यावं लागे. पहाटे धरलेली मासोळी बाजारात पोचेपर्यंत ऊन चढायचं, मासोळी नरम पडायची, आणि नरम मासोळीकडे आमचं अहेरीचं गिऱ्हाईक ढुंकूनही पाहत नाही. घरात कमावणारी ती एकटी. वाट गेली तर धंदा गेला. म्हणून तिनं दावा लावला. माझा अशील रागारागात मला म्हणाला, "इथी वाट कधी नव्हतीच." दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात मी तेच लिहिलं.

गावात तो बाजेवर बसायचा, ती खाली जमिनीवर. पहिल्या तारखेला ती कोर्टातही भिंतीला टेकून खालीच बसली. आमच्या न्यायाधीश मॅडम तरुण होत्या, पुण्याकडच्या, पहिलीच नेमणूक. त्यांनी काम थांबवलं आणि तिला बाकावर बसायला सांगितलं. बाक एकच, त्यावर माझा अशील आधीच बसलेला. तो सरकला. कायद्यापुढे सगळे समान हे मी परीक्षेसाठी घोकलं होतं, त्यावर गुणही बरे मिळाले होते. पण ती दोघं एका बाकावर बसलेली पाहून मला जो आनंद झाला तो काही परीक्षेत झाला नव्हता. अर्थात मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. तिच्या विरुद्ध बाजूचा वकील होतो ना!

मॅडमना इकडची बोली जड जायची. एकेक वाक्य थांबवून पुन्हा विचारायच्या, नीट कळल्याशिवाय टंकायला सांगायच्या नाहीत. तारखेमागून तारीख पडत गेली. दोन्हीकडचे साक्षीदार एकमेकांच्या अगदी उलट बोलले. नकाशात पायवाट नव्हती. शेवटी मॅडम म्हणाल्या, मी स्वतः जागा पाहते.

आणि तिथं माझ्या अशिलानं माझी पार वाट लावली.

आमच्या भागात घरी आलेल्या पाहुण्याला उन्हात फिरवत नाहीत. मॅडम शेताच्या कडेला गाडीतून उतरल्या आणि तलाव कुठे म्हणून विचारलं. तलावाला वळसा घालून नेलं असतं तर आमची केस शाबूत राहिली असती. पण हा लगबगीनं पुढे झाला. स्वतःच्याच हातानं धुऱ्यावरची काटी बाजूला सारली आणि म्हणाला, "इकून या मॅडम, जवळ पडते."

मी मागून खोकलो.

"इथी पाय जपून ठेवा, गाळ हाये. या दगडावर हे बाई टोपली टेकवते, दम घेते. तुमी बी बसा जरासं."

मी आणखी जोरात खोकलो. तो काळजीनं वळला. "वकीलसाहेब, घसा धरला का? घरी चाला, काढा करून देतो."

समोरचा वकील आभाळाकडे पाहत होता. त्याचे खांदे हलत होते. त्या बाईनं पदर तोंडात कोंबला होता. मॅडम मात्र गंभीरपणे दगडावर बसल्या आणि काहीतरी लिहू लागल्या.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलाला वाटलं, आता काय, मैदान मारलं. मॅडमनी त्याला तिथंच थोपवलं. मी पाहिलं ते समजून घेण्यासाठी, म्हणाल्या. निकाल द्यायचा तो साक्षीवर, शपथेवर. माझ्या अशिलाची साक्ष अजून व्हायची होती, म्हणजे सगळं पुन्हा त्याच्यावर आलं. त्यानं "नाई" म्हटलं असतं तर तिची वाट बंद होण्याची पाळी होती. पिंजऱ्यात जायच्या आधी त्यानं मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, "शपथ घेणार आहात, भाऊ. खरं तेच सांगा. माझा खोकला आता संपला."

समोरच्या वकिलानं विचारलं, "त्या धुऱ्यावरून वाट होती की नव्हती?"

त्यानं कठडा धरला आणि बाकाकडे पाहिलं. बाई बाकावर, हात मांडीत घट्ट आवळून. माझ्याही छातीत धडधडत होतं, आणि खरं सांगायचं तर ती धडधड माझ्या बाजूची नव्हती.

"माही बायको बाळंत झाली तवा अंगावर दूध नव्हतं," तो म्हणाला. "हे बाई सकाळी सकाळी त्याच धुऱ्यावरून मासोळी घेऊन ये, रस्सा करून पाजे. आता वाट नव्हती म्हणू, तं माही पोरगी का हवा खाऊन मोठी झाली?"

मॅडमना एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.

निकाल आमच्या विरुद्ध गेला. काट्या काढायच्या, वाट मोकळी ठेवायची. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मी हरलो होतो आणि मला पेढे वाटावेसे वाटत होते.

बाहेर आल्यावर अशिलानं विचारलं, "माह्यं लिवलं का काई त्यात?" मी वाचून दाखवलं. त्याचा धुरा फुटला, धानाचं नुकसान झालं, हे खरं आहे. पण तो बाईनं फोडला याचा पुरावा नाही. रोवणीच्या दिवसांत तिनं जपून चालावं, असंही लिहिलं होतं. त्यानं ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

मग मी माझं कर्तव्य केलं. म्हटलं, "भाऊ, वरच्या कोर्टात अपील करता येतं. तो तुमचा हक्क आहे."

त्यानं माझ्याकडे, येड लागलं का या माणसाले, अशा नजरेनं पाहिलं.

"वरच्या जजले जाऊन सांगू काय? खालच्या मॅडमनं खरं लिवलं म्हणून?"