उजवीकडची बटणं

धाड गावात मोबाइलच्या दुकानासमोर मी उगाच उभा राहतो, तिथेच हा माझा दोस्तही असतो. उभा कसला, येरझारा घालतो! याच्या चपलांनी तिथली जमीन इतकी खचली की आणखी आठवडाभरात पाणी लागावं. मळणीयंत्रात डावा अंगठा गेला, पण व्हिडिओ गेमचा नाद गेला नाही. डावीकडची बटणं हा हनुवटीनं दाबतो. हनुवटीनं अख्खी फौज कापणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हातात धरून खेळायचं, खोलून हवं तसं बदलता येणारं गेमचं नवं यंत्र येणार आहे. बाकीचे म्हणतात, स्क्रीन मोठी पाहिजे. हा उसळतो, "स्क्रीनले काय चाटता बे? डावीकडची बटणं काढून उजवीकडे लावता आली पाहिजेत!"

काल कंपनीनं त्याचा फोटो टाकला. यानं माझ्या मोबाइलवर तो ताणून एकेक बटण घमेल्याएवढं केलं.

"स्क्रू हायेत भाऊ! निघते हे!" म्हणत फोटोवरच उजवा अंगठा दाबत राहिला.

फोटोखाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, प्रत्यक्ष यंत्र वेगळं असू शकतं.

"खाली काय लिहेल हाय?" त्यानं नजर न उचलता विचारलं.

"लवकरच येत आहे," मी वाचून दाखवलं.