एका नाखव्याचे दोन दंड

सेवेतील अनेक प्रकरणे आता धूसर झाली आहेत. पनवेल खाडीकाठच्या त्या नाखव्याचे मात्र काल घडल्यासारखे लख्ख स्मरते.

होडी लावण्याच्या भांडणात त्याने शेजाऱ्याच्या खांद्यावर वल्हे मारले होते. न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड, आणि तो न भरल्यास साधी कैद, अशी शिक्षा झाली. मुदत संपूनही दंड भरला गेला नाही, म्हणून वॉरंट आमच्या ठाण्यात आले. त्याच सकाळी खबऱ्याने फोन केला.

"साहेब, त्याला गरीब समजू नका. करंज्याच्या बंदरात होडीचं मशीन विकून आलाय. सगळे पैसे रोख घेतलेत."

ऐपत असून दंड चुकविणारे मी पुष्कळ पाहिले होते. हवालदार पाठवून त्याला आणवले.

"नाखवा, मशीन विकले?"

"इकला."

"पैसे कुठे आहेत?"

"नाय ते आता."

"दारूत गेले?"

"माळकरी हाय मी, सायेब." त्याने गळ्यातील तुळशीमाळेला हात लावला. माळ घालून खोटे बोलणारेही मला भेटले होते. पण त्यांचे डोळे असे स्थिर नसत.

"मग दंड भरा आणि घरी जा."

"आत टाका मना. लवकर टाका."

कैदेची घाई करणारा माणूस काहीतरी झाकीत असतो. अटकेची माहिती आप्तांना देणे बंधनकारक, म्हणून कोणाला कळवू, असे विचारले. "बायकोला. बाकी कोनाला नको."

तेव्हा माझे लक्ष फाटकाकडे गेले. त्या गावचा माणूस ठाण्यात आणला की टेम्पो भरून गाव मागोमाग येते, पुढारी पुढे आणि बायका मागे, हा नित्याचा अनुभव. आज फाटकात कोणी नव्हते. दुपारी त्याची पत्नी तेवढी रिक्षाने डबा घेऊन आली.

"बाई, गाव कुठे आहे?" मी विचारले.

ती नवऱ्याकडे वळली. "बोला ना आता! बोंबील घशात अडाकला काय?" मग तीच बोलू लागली. "कोर्टात कबूल झाला, गावाची इज्जत घालवली, बोलले. गावकीनी येगला दंड लावला. नाय भरला तं वालीत टाकनार व्हते. पोरीची हळद हाय, सायेब."

गावकी म्हणजे गावच्या पंचांची सभा. मशीनचे पैसे तेथे गेले होते.

आता नाखवा बोलला. "कोर्टाचा दंड चुकला तं मी एकटा आत जाईन, हळदीच्या आदी सुटून येईन. गावाचा चुकला तं पोरीच्या मांडवात कोन येल? मशीन एकच व्हता."

मी पंचांना बोलाविले. प्रमुख पंच हात जोडून म्हणाले, "ती देवलाची वर्गनी हाय, सायेब. देवाच्या कामात पोलीस कशाला?"

"मी रोज पूजा करून ठाण्यात येतो. धाक घालून घेतलेले धन देव स्वीकारतो, असे मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही. वाळीत टाकण्याची धमकी हा गुन्हा आहे, हे मात्र कायद्यात स्पष्ट आहे."

"तरी मी बोललो व्हतो, दंड नको," मागचा एक पंच पुटपुटला.

तक्रार देताना ती बाई थांबली. हळदीची चिंता तिच्या चेहऱ्यावर होती. मी घाई केली नाही. अखेर तिने सही केली आणि मी गुन्हा नोंदविला. नाखव्याला न्यायालयात हजर करताना सर्व हकीकत अहवालात मांडली. न्यायाधीशांनी बंधपत्रावर त्याची सुटका करून दंड हप्त्यांनी भरण्याची परवानगी दिली.

हळदीला मी सहकुटुंब गेलो. मांडव निम्मा रिकामा होता. पण वल्ह्याचा मार खाल्लेला शेजारी दारात उभा राहून पाहुण्यांना बसवीत होता. नाखव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मार मना बसला, सायेब. माजा राग गेला, तं गावाला कसला राग?" पलीकडे त्या शेजाऱ्याची बायको नवरीला हळद लावीत होती.

दंड देताना अपराध्याची शक्ती पाहावी, असे लहानपणी संस्कृत पाठशाळेत आमच्या गुरुजींनी शिकविले होते. शक्ती म्हणजे गाठीचा पैसा, एवढाच अर्थ मी दीर्घकाळ धरला. त्या नाखव्यानंतर वॉरंट हाती आले की पैसे आहेत का, एवढ्यावर मी थांबत नसे; ते कोणाच्या वाट्याचे आहेत, हेही विचारीत असे. पुष्कळांचे पैसे जुगाराच्या वाट्याचे निघत. त्यांना मी निःशंकपणे आत पाठविले. क्वचित एखाद्याच्या उत्तरात लेकीचा मांडव निघे. तेव्हा हप्त्यांची मुभा मागायला वॉरंट घेऊन मी स्वतः न्यायालयाची पायरी चढत असे.