उपटलेली वायर
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की गोंदियाच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. आम्ही बनवलेला बॅटरीच्या ट्रॅक्टरचा कंट्रोलर टेबलावर होता. मोटार, चाकं, शेत मात्र सगळं संगणकातलं. दुसऱ्या दिवशी तोच कंट्रोलर लावलेला खरा ट्रॅक्टर कामठ्याचे एक शेतकरी काका चालवणार होते, म्हणून ते बघायला आले होते. चाकाचा वेग संगणकातून कंट्रोलरला कळवणारी सेन्सरची वायर मी सहज उपटली. चाक थांबलंय असं समजून कंट्रोलरने मोटारीला सगळा जोर दिला आणि पडद्यावरचा ट्रॅक्टर बांध ओलांडून सुसाट सुटला. "काऊन थांबून नाही राहिला वं पोरी?" काकांनी विचारलं. मी हातातली वायर दाखवली. "उद्या नातीले मांडीवर घेऊन बसणार होतो मी," म्हणत ते खुर्चीत मटकन बसले. आज असे कंट्रोलर तपासणं हेच माझं काम आहे, तरी अहवालात 'पास' लिहिताना हात थबकतो.