नलूताईचं हसणं

नलूताई हसताना हाताला लागेल ती वस्तू तोंडापुढे धरायची. हजेरीपट, परिपत्रक, एकदा तर सहीला निघालेली दाखल्यांची अख्खी फाइल. काहीच नसलं तर तळहात. पंचवटीतल्या आमच्या शाळेच्या कार्यालयात तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. बावीस वर्षं मी तिचं हसणं ऐकलं, पण पाहिलं नाही. आधी दाबून धरलेलं आणि मग एकदम फुटणारं ते हसणं ऐकायला मिळावं म्हणून आमचा शिपाई मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलून जायचा. कोणी सेल्फीसाठी मोबाइल उंचावला, की मात्र नलूताईला नेमकं स्टेशनरीच्या कपाटात काम निघायचं.

कारण तिनं मला फार उशिरा सांगितलं, एका शनिवारी, डबा खाताना. तिचे वडील लासलगावच्या बाजारात तोलारी होते, कांदा तोलून द्यायचे. ती एकोणीस वर्षांची असताना पिंपळगाव बसवंतहून मंडळी तिला बघायला आली.

"पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. मुलाची थोरली बहीण होती बरोबर. तिनं कायतरी गंमत केली अन् मी हसले. निघताना ओट्यावर चपला घालता घालता ती तिच्या आईला म्हणाली, मुलगी चांगली हाय, पण हसली की हिरड्या दिसतात. मी दाराआडच होते."

पुढच्या स्थळांपुढे नलूताई हसलीच नाही. तर त्यांच्याकडून निरोप आला, मुलगी घुमी वाटते.

"एकाला हसलेली नको, दुसऱ्याला न हसलेली नको. मी तरी करू काय?" असं म्हणून ती हसली, आणि डब्याचं झाकण तोंडापुढे धरलं.

मी तावातावानं वाद घातला. कोण कुठली बाई, तिच्या एका वाक्याचं काय घेऊन बसलीस, वगैरे. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला आपल्याला कुठे कष्ट पडतात!

"बाई गं, माणसाला स्वतःचं तोंड दिसत नाय," ती म्हणाली. "लोक सांगतील तेच आपलं तोंड."

"आरसा आहे की."

"आरशापुढं कोण हसतं, वेडे?"

ओट्यावरच्या त्या एका वाक्याच्या मागोमाग तिनं बरंच काही सोडून दिलं होतं. लग्नाकार्याला जाणं सोडलं, कारण तिथे फोटो काढतात. म्हसरूळला दोन खोल्यांत ती एकटी राहायची. सोमवारी आल्या आल्या म्हणायची, "रविवार लय मोठा असतो बाई." मी हसण्यावारी न्यायचे. माझा रविवार धुणं, पाहुणे आणि मुलांची भांडणं यांत कधी संपायचा ते मला कळतही नसे.

तिच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असताना एक वयस्कर बाई भावाच्या नातवाचा अर्ज घेऊन आल्या. नलूताईनं अर्जावरचं आडनाव आणि गाव वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती चक्क उभी राहिली.

"तुम्ही पिंपळगावच्या ना? लासलगावला तोलारींकडं आला होतात, भावासाठी मुलगी बघायला."

बाई आठवू लागल्या. "असेल हो. तेव्हा वीस-पंचवीस मुली बघितल्या आम्ही. आता कुठलं लक्षात राहतंय? तुम्ही होतात का त्यात?"

"नाय. माझी बहीण होती."

आणि नलूताई हसली. दोन्ही हात टेबलावर ठेवून, बाईंच्या डोळ्यांत बघत, मुद्दाम, चांगली मोठ्यानं हसली. हिरड्या दिसत होत्या, पण त्या हसण्यानं तिचा सगळा चेहराच उजळला होता. मी हातातलं काम टाकून बघत राहिले. बाईंनीही पाहिलं आणि विचारलं, "दाखला परवापर्यंत मिळेल ना?"

त्या गेल्यावर मला अगदी विजयाचा आनंद झाला. "बघितलंस? तिच्या लक्षातसुद्धा नाही! सुटलीस तू!"

नलूताई खाली बसली. बराच वेळ अर्जाची घडी घालत आणि उलगडत राहिली.

"सुटले कशाची?" ती म्हणाली. "वाईट का होईना, कुणीतरी एकदा मला नीट बघितलं होतं, असं वाटायचं. तेपण नव्हतं गं."

मला तेव्हा बोलायला हवं होतं. आत्ता मी तुला बघितलं, तू हसताना फार सुंदर दिसतेस, एवढंच. जिभेवर आलंही होतं. पण रांगेतला पुढचा माणूस खिडकीतून अर्ज सरकवत होता, आणि मी म्हटलं, "चहा सांगू का?"

निवृत्तीनंतर ती मनमाडला भाच्याकडे राहायला गेली. माझे फोन आधी महिन्याला झाले, मग सणावारी. गेल्या थंडीत ती गेली. मी दहाव्याला गेले. भाच्याची बायको भली होती. मला वाढता वाढता म्हणाली, "मावशी कधी हसल्याचं आम्हाला आठवतच नाय. स्वभावच तसा असंल."

"नाही हो," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की पंगतीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "ती हसायची. हसताना फार सुंदर दिसायची."

सगळ्यांनी ऐकलं. मी एवढ्या लांब येऊन ते अशा लोकांना सांगत होते, ज्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.